एक उजवा हात, एक पाट

मी, डॉ. मंदाकिनी लक्ष्मणराव उमाटे, वय वर्षे चौतीस, अविवाहित, व्यवसाय अस्थिरोग शस्त्रक्रिया, मूळ राहणार पवनार, हल्ली मुक्काम पिपरी मेघे, तालुका व जिल्हा वर्धा, आज रविवारी दुपारी माझ्याच दवाखान्यातल्या टेबलाशी बसून हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, आमिषही दिलेले नाही. आमच्या सिस्टर सुमित्राबाई यांनी आग्रह धरला, पण आग्रह म्हणजे सक्ती नव्हे, असे वकील भैय्याजी झाडे यांचे मत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. रक्तदाब सकाळी मोजला, ठीक आहे. नाडी अठ्ठ्याण्णव भरली. एरवी माझी बहात्तर असते. ही नोंद केवळ पूर्णतेसाठी.

कारण असे. माझ्या उजव्या मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडात एक गाठ आहे. उन्हाळ्यात ड्रिल धरताना तिथे दुखू लागले. मी माझाच एक्स-रे काढला, ओला असतानाच खिडकीशी धरला आणि पाहताक्षणी निदान केले, कारण असे चित्र मी इतरांच्या हाडांत पाहिलेले होते: साबणाच्या फेसासारखे पोकळ बुडबुडे. तुकडा तपासून घेतला. कॅन्सर नाही. पण ही गाठ हाड आतून खात जाते. परवा मंगळवारी नागपूरला ऑपरेशन आहे आणि त्याचे दोन रस्ते आहेत. सांध्याचा पृष्ठभाग शाबूत असेल, तर गाठ खरवडून त्या खड्ड्यात कमरेच्या हाडाचे तुकडे भरतात. काही महिन्यांनी मनगट पुन्हा वळते. पृष्ठभाग फुटलेला असेल, तर तेवढे हाड काढून पायाचे हाड बसवतात आणि मनगट कायमचे गोठवतात. हात राहतो. पेन धरता येते, भाकरी मोडता येते. हाडात स्क्रू बसवता येत नाही. कोणता रस्ता, ते उघडल्यावर कळेल. 'उघडल्यावर कळेल' हे वाक्य मी इतकी वर्षे पेशंटना सांगत आले. ते ऐकणाऱ्याला कसे लागते, हे मला आता समजले आहे.

मृत्युपत्र करण्याइतका धोका यात नाही. पण माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाने घरी जाऊन कपाट आवरून यायचे. म्हणजे कोणाला काय द्यायचे, कोणाला काय सांगायचे राहिले आहे, ते उरकून टेबलावर यायचे. ज्याचे मन घरी अडकलेले असते तो भुलीत लवकर जात नाही, असे माझे निरीक्षण आहे. बोट मोडलेल्यालाही हा नियम लागू आहे. देवळीच्या एका पहिलवानाने करंगळीच्या ऑपरेशनआधी आपली म्हैस भावाला देऊन टाकली. करंगळी उत्तम आहे. म्हैस तो अजून परत मागतो आहे.

तर गेल्या आठवड्यात सुमित्राबाई ड्रेसिंगचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "बाई, अन् तुमचं कपाट?"

"माझ्या कपाटात काही नाही."

"सारेच असंच म्हनतात. मंग टेबलावर रडतात."

म्हणून हा कागद.

भैय्याजींनी कच्चा मसुदा वाचून दोन हरकती घेतल्या. पहिली, मृत्युपत्रात गोष्टी सांगत नसतात. मी म्हटले, केसपेपरवर आधी इतिहास लिहितात, मग उपचार. इतिहास नसेल तर उपचार हा नुसता अंदाज असतो. दुसरी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, हात गेल्यावर नाही. ही हरकत बरोबर आहे. म्हणून कागदाचे दोन भाग केले आहेत. पहिला भाग मी गेल्यास. दुसरा, मी राहिले आणि हात गेला तर. दुसऱ्या भागाला कायद्याचा आधार नाही, असे भैय्याजी म्हणतात. त्याला माझ्या शब्दाचा आधार आहे.

भाग पहिला

१. टेबलावर काही बरेवाईट झाल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांशी माझा भाऊ खुशाल याने भांडू नये. खुशाल पवनारला आमची भाजीची वाडी पाहतो आणि भांडणात हुशार आहे, पण ती हुशारी त्याने वर्ध्याच्या बाजारात वांग्यांसाठी राखून ठेवावी.

माझा सांगाडा शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना द्यावा, अशी माझी इच्छा होती. बाईचा सांगाडा शिकायला सहसा मिळत नाही. आम्ही सगळे पुरुषांच्या हाडांवर शिकलो आणि बायकांच्या हाडांचा हिशेब पुढे पेशंटवर शिकलो. हे मी आईला, म्हणजे श्रीमती देवकाबाई यांना सांगितले. ती माझ्याकडेच राहते; तेव्हा वरच्या खोलीत मेथी निवडत होती.

"हाडं त्याईले देशीन, अन् मंग मी धाम नदीत काय सोडू? तुही लुना?"

"आई, मी मरणार नाही आहे."

"मंग काऊन वाटून राह्यली?"

सांगाड्याची इच्छा मागे घेते. राख पवनारला धाम नदीत सोडावी. लुना सोडू नये. तिची व्यवस्था कलम तीनमध्ये आहे.

२. पिपरी मेघे येथील घर, खाली आठ खाटांचा दवाखाना व वर दोन खोल्या, ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. आई हयात असेतो ती आईची, नंतर खुशालची. एक अट आहे. घरामागे मोकळी जागा आहे. तिथे मुली संध्याकाळी कबड्डी खेळतात. त्या जागेवर बांधकाम करायचे नाही आणि भाजीही लावायची नाही. खुशालने तिथली माती हातात घेऊन चुरून पाहिली आहे. मी वरच्या खिडकीत होते. माती चांगली आहे हे मलाही कळते, मी त्याच वाडीत वाढले. ती भुसभुशीत आहे कारण दर दिवाळीनंतर मी तीत नदीची वाळू टाकून ती खणून घेते. घट्ट जमिनीवर पडून मुलींची खांद्याची हाडे मोडतात, म्हणून. वांग्यांसाठी नाही.

खुशालवर माझा एक जुना राग आहे, त्याचीही सोय इथेच लावते. त्याने माझ्यासाठी स्थळे आणली. त्यांपैकी आर्वीच्या एका इंजिनियरने पाहण्याच्या कार्यक्रमात विचारले, "तुम्ही खरंच करवतीनं हाड कापता?" मी हो म्हटले. कोणती करवत, तेही सांगितले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. खुशाल परत येताना बसमध्ये म्हणाला, "थोडं खोटं बोलली असती त काय जात होतं? भाजी कापतो म्हना लागत होतं." तो राग मी या कलमाने सोडत आहे. इंजिनियर भला माणूस असावा. त्याच्या गुडघ्याला कधी काही झाले तर माझी हरकत नाही, त्याने यावे.

३. माझी लुना सुमित्राबाई यांना. त्या रोज रेल्वेच्या पलीकडून पायी येतात आणि त्यांच्या टाचा दुखतात. त्यांना चालवता येत नाही, ही अडचण शिकण्यासारखी आहे.

४. अल्लीपूरचे हाडवैद्य नत्थूजी यांच्याशी माझे वैर आहे. ते तालुक्याला माहीत आहे, म्हणून लपवत नाही. नत्थूजी मोडलेले कोपर तेल लावून चोळतात. मोडलेले कोपर चोळू नये. चोळले की स्नायूत नको तिथे हाड धरते आणि हात वाकायचा थांबतो. असे हात मग माझ्याकडे येतात. मला ते पूर्ण वाकवता येत नाहीत, आणि त्या मुलांच्या आया माझ्याकडे नाराजीने पाहतात, नत्थूजींकडे नाही. एकदा मी अल्लीपूरच्या बाजारात त्यांना हे समोरासमोर सांगितले. ते पान जुळवत होते.

"डॉक्टरीनबाई," ते म्हणाले, "तुमी कापता, मी चोयतो. ज्याचा त्याचा धंदा."

मध्यंतरी ते मोसंबी घेऊन मला भेटायला आले. पट्टीतला हात पाहिला आणि पिशवीतून तेलाची बाटली काढली.

"आना हात. तुमच्यासाठी फुकट."

"नत्थूजी, आत गाठ आहे. चोळली तर पसरेल."

"मंग राहू द्या," ते म्हणाले आणि बाटलीला बूच लावले.

इतक्या वर्षांत त्यांनी माझे ऐकले असे हे पहिले वाक्य. एक्स-रे पाहायची माझी दिव्याची पेटी, आणि सोबत वाकत नसलेल्या कोपरांचे सगळे एक्स-रे, मी त्यांना देते. आधी पेटीवर पाहावे, मग हात लावावा. फारच इच्छा झाली तर पोटऱ्या चोळाव्यात. पोटऱ्या ते चांगल्या चोळतात, हे मी इथे लेखी मान्य करते.

५. माझी हत्यारे, म्हणजे ड्रिल, करवती, छिन्न्या, हातोड्या, स्क्रू व प्लेटांचे डबे, ही विदर्भातून यापुढे हाडांची डॉक्टर होणाऱ्या पहिल्या मुलीला द्यावीत. एका वेळी दोघी असतील तर जिचा हात लहान तिला. ड्रिलची मूठ मी खराद्याकडून कातून बारीक करून घेतली आहे. मोठ्या हाताला ती निरुपयोगी आहे. हत्यारे देताना तिला फक्त एवढे सांगावे की खेळाडूचा गुडघा हा गुडघा नसतो, तो पूर्ण खेळाडू असतो, आणि तो 'मी पुन्हा खेळेन का' हा प्रश्न दारातून बाहेर पडताना, पाठ वळवून विचारतो. तेव्हा त्याला परत बसवून उत्तर द्यावे.

६. पाट. याचे कलम वेगळे करावे लागते.

हा सागवानी पाट माझ्या वडिलांचा, कै. लक्ष्मणराव यांचा, जेवायला बसण्याचा. माझी उंची पाच फूट भरत नाही. १९७६ साली मी नागपूरला हाडांच्या विभागात शिकायला गेले तेव्हा तिथे मुलगी एकटी मीच होते, आणि ऑपरेशनचे टेबल उंच माणसांच्या सोयीने लावलेले असे. पहिल्या सुट्टीत घरी आले ते पाट न्यायलाच. आईला ते पसंत नव्हते. ज्यावर माणूस जेवायला बसतो त्यावर पाय देऊन उभे राहायचे, आणि वर माणसे कापायची. बाबा उठले, पाट भिंतीवरून काढला आणि माझ्या पिशवीशेजारी ठेवला. "तिले टेबल पुरत नाई, त काय करन? मी खाली बसून जेवीन," ते म्हणाले. त्यानंतर ते पोत्यावर बसून जेवत.

विभागप्रमुख होते डॉ. मधुसूदन पिंपळखुटे. माझे गुरू तेच. पाट थिएटरच्या दारात पाहून ते थांबले.

"उमाटे, हे थिएटर आहे. हळदीकुंकू नाही. बाहेर ठेव ते."

पाट व्हरांड्यात गेला, खिडकीखाली. शिक्षणाचा पूर्ण काळ तो तिथेच होता आणि मी टाचा उचलून ऑपरेशन केले. माझ्या पोटऱ्या अजून चांगल्या आहेत.

एकदा पुलगावच्या आखाड्यातून एक पहिलवान आला. कुस्तीत मांडीचा सांधा निखळलेला. भूल दिली, टेबलावर घेतला. सरांनी ओढले, दोन दांडग्या मुलांनी ओढले, सांधा बसेना. सर घामाघूम झाले होते. मी विचारले, "सर, खाली घेऊ का?" कोणी हसले. सरांनी मान हलवली, ती होकाराची होती की दमल्याची, ते मी विचारले नाही. पहिलवानाला गादीसकट जमिनीवर घेतला. एका चादरीचा फास त्याच्या वाकवलेल्या गुडघ्याखालून घेऊन माझ्या मानेत अडकवला, आणि मी फक्त उभी राहिले. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन उठतात तशी. त्याला ताकद लागत नाही, सवय लागते, आणि ती मला वाडीत लागली होती. जड दार चौकटीत बसते तसा आवाज झाला आणि सांधा बसला.

सरांनी हात पुसले. "टेबल उंच होतं?"

"हो, सर."

बोलणे एवढेच. पाट मात्र व्हरांड्यातच राहिला. पास झाले त्या दिवशी मी तो स्वतः उचलून आणला. तेव्हापासून तो माझ्या थिएटरमध्ये आहे आणि त्यावर मी उभी राहते.

आता मनगट मी याच सरांच्या हाती देत आहे. सुमित्राबाईंना हे कळत नाही. "ज्यानं तुमचा पाट फेकला, त्याच्याच हाती हात देता?" याचे कारण साधे आहे. गाठ खरवडताना सांधा वाचवणारा असा हात मी दुसरा पाहिलेला नाही. राग वेगळा, हात वेगळा.

तरी राग आहे. म्हणून हा पाट मी डॉ. पिंपळखुटे यांना देते. त्यांनी तो त्याच व्हरांड्यात, त्याच खिडकीखाली ठेवावा आणि येता-जाता पाहावा.

भाग दुसरा

मनगट गोठवावे लागले, तर मी ऑपरेशन करणार नाही. एक्स-रे वाचीन, प्लास्टर सांगून घालून घेईन, शिकवीन. हत्यारे कलम पाचप्रमाणे मी जिवंत असतानाच द्यावीत. कपाटात ठेवून त्यांच्याकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. एवढे लिहून मी पाणी प्यायले.

माझ्या हाताच्या भरवशावर अडकून पडलेले असे एकच काम आहे: अल्लीपूरच्या जयवंताचा गुडघा.

जयवंता हिंगणघाटच्या कॉलेजात शिकते आणि कबड्डीत चढाई करते. उन्हाळ्यात रेषेकडे परतताना तिचा पाय रोवला गेला आणि शरीर फिरले. गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारी एक दोरी असते, ती तुटली. वाटीखालच्या जाड पट्ट्यातून एक फीत घेऊन नवी दोरी ओवावी लागते. हे काम मी बऱ्याच जणांवर केले आहे. तिचेही मीच करणार होते. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड आहे. दोरी आता ओवली तर गुडघा तोवर तयार होईल. उशीर झाला तर आतल्या गाद्या फाटतील, आणि मग निवडच काय, तिला शेतातल्या बांधावरून नीट उतरताही येणार नाही. माझा हात वाचला तरी बरेच महिने प्लास्टरमध्ये असेल. म्हणजे काहीही झाले तरी हा गुडघा दुसऱ्या कोणी करायला हवा. मी सरांना पत्र लिहून विचारले. उत्तर आलेले नाही.

भैय्याजी आज सकाळपासून इथेच बसलेले आहेत; दुपारी महादेवराव साक्षीदार म्हणून सही करायला आले. ते अल्लीपूरच्या शाळेत खेळाचे मास्तर आहेत. जयवंताला कबड्डी त्यांनी शिकवली. तिलाही ते सोबत घेऊन आले. तिने माझा पट्टीतला हात पाहिला, मग स्वतःचा गुडघा पाहिला.

"बाई, तुमचा हात नाई आला, त माह्या गुडघ्याचं कसं?"

"जयवंता," महादेवराव म्हणाले, "आधी तब्येत इचारा लागते."

"इचारली न. सिस्टरले इचारली."

"नागपूरला माझे सर आहेत," मी म्हटले. "त्यांना लिहिलं आहे."

"ज्यायनं पाट फेकला थे?"

माझ्या दवाखान्यात काहीही गुपित राहत नाही. सुमित्राबाई तेव्हा घाईघाईने कापूस मोजू लागल्या. कापूस मोजत नसतात.

"तेच," मी म्हटले.

"मी नाई जात तिथं. मी तुमच्यासाठी थांबतो."

"तू थांबशील. गुडघा थांबणार नाही."

"मंग तुमी तिथं राहान का?"

"माझा हात प्लास्टरमध्ये असेल, जयवंता."

"हात नाई म्हनत मी. तुमी."

मी तिला सांगितले की दुसऱ्याच्या थिएटरमध्ये बोलावल्याशिवाय जाता येत नाही. हे खरे आहे. पूर्ण उत्तर नाही, हे तिलाही कळले आणि मलाही. ती लंगडत मागच्या दाराने बाहेर गेली आणि मैदानाच्या कडेला बसली.

भाग दुसरा इथे संपवून मी खाली रेघ ओढली होती. नंतर नागपूरहून ट्रंक कॉल आला. फोन सुमित्राबाईंनी उचलला, रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या, "थेच," आणि तो माझ्याकडे दिला. सर फोनवर नेहमी ओरडून बोलतात, त्यामुळे पुढचे संभाषण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलेले आहे आणि हवे तर त्याला साक्षीदार आहेत.

"उमाटे, पत्र मिळालं. ती मुलगी कुठे आहे?"

"इथेच आहे, सर. बाहेर बसली आहे."

"तिला घेऊन ये. तुझे टाके निघाले की तिचा गुडघा करू."

"तुम्ही कराल, सर?"

"मी गेली काही वर्षं फक्त मणके आणि हाडातल्या गाठी करतोय. गुडघ्याची दोरी तू माझ्यापेक्षा जास्त केल्यास. हात माझा, डोकं तुझं. मी करीन, तू सांगायचं. चुकलो तर तिथल्या तिथे टोकायचं."

मग जे तोंडात आले ते बोलले.

"सर, टेबल उंच आहे."

"माहीत आहे मला. म्हणून तर सांगतोय, तो पाट घेऊन ये."

"तो लाकडी आहे, सर. हत्यारांसारखा उकळता येणार नाही."

"चादर गुंडाळू." आणि मध्येच लाइन तुटली.

मी रिसीव्हर ठेवला. नाडी मोजली नाही. भैय्याजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या कलम सहाची पंचाईत झाली."

पुरवणी

वरील मजकुरात मी स्वखुशीने पुढील बदल करत आहे.

कलम सहा रद्द. पाट कोणालाही दिलेला नाही. तो उद्या सकाळच्या बसने माझ्यासोबत नागपूरला जाईल. आईने तो चिंच लावून घासून काढला आहे. तांब्याचे भांडे नाही, लाकूड आहे, हे मी तिला सांगितले. "पराया घरी चालला, चकचकीत नको?" ती म्हणाली. आज प्रथमच तिने त्यावर पाय देण्याबद्दल तक्रार केली नाही. डॉ. पिंपळखुटे यांच्यावरचा राग रद्द करत नाही. तूर्त स्थगित ठेवते. तो पुन्हा लागू करायचा की नाही, ते त्यांचे टेबल पाहून ठरवीन.

जयवंताला मागच्या दारातून हाक मारून सांगितले. ती उठली, उठताना कुंपणाचा आधार घ्यायला विसरली, आणि मी रागावले. मग दवाखान्याचा नियम सांगितला: कपाट आवरून यायचे.

"माह्यापाशी कपाट नाई. एक पेटी आहे."

"पेटी आवरून ये."

"त्यात एक मेडल हाये फक्त. थे मास्तरले देऊ?"

महादेवराव म्हणाले, "राहू दे. अजून दुसरं यायचं हाये."

कलम तीन रद्द. भैय्याजींनी लक्षात आणून दिले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. उद्या कोणी कज्जा केला तर ते आडवे येते. म्हणजे सुमित्राबाईंना लुना किंवा सही, दोन्हींपैकी एकच मिळेल. त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "लुना मले चालवता येत नाई. सही येते." लुना खुशालला जाईल. सुमित्राबाईंच्या टाचांसाठी मऊ तळव्याचे जोडे बनवायला टाकले आहेत. ती देणगी नाही, उपचार आहे, म्हणून तिला कलम लागत नाही.

नत्थूजींचे कलम आहे तसे. मैदानाचे कलम आहे तसे, आणि तेवढे खुशालला मोठ्याने वाचून दाखवावे.

हा कागद लिहिताना हात अधूनमधून दुखला. अक्षर काही ठिकाणी वाकडे आले आहे; त्यावरून माझ्या मनःस्थितीचा अंदाज बांधू नये. मजकूर मी पुन्हा वाचला, तो मला समजला आणि मान्य आहे. यापूर्वी मी असा दुसरा कागद केलेला नाही.

ठिकाण: पिपरी मेघे, जि. वर्धा
दिनांक: १४ सप्टेंबर १९८६

आम्ही दोघांनी डॉक्टरांना हा कागद लिहिताना व त्यावर सही करताना प्रत्यक्ष पाहिले, आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:

१. श्रीमती सुमित्राबाई, सिस्टर, उमाटे दवाखाना. (सहीनंतर नाडी मोजली. चौऱ्याऐंशी.)
२. महादेवराव, क्रीडाशिक्षक, अल्लीपूर.

लिहून ठेवणार, उजव्या हाताने:
डॉ. मंदाकिनी लक्ष्मणराव उमाटे

मंगळवारनंतर सही बदलली तर बँकेत अडचण नको, म्हणून भैय्याजींनी खाली डाव्या हाताच्या सहीसाठी जागा सोडायला सांगितली होती. गेला महिनाभर मी त्या सहीचा सराव केला आहे आणि ती चांगली येते. तरी ती जागा मी कोरी ठेवत आहे. हे वैद्यकीय मत नाही.

डाव्या हाताने: